दोन रेझिस्टर, एक मॉस्फेट

ऑगस्ट १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनहून फिलिप्स सेमीकंडक्टर्सचं एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध झालं. क्रमांक एएन ९७०५५, लेखक हर्मन स्खुटे. वेगवेगळ्या व्होल्टेजवर चालणारे आय-टू-सी बसचे दोन भाग एकमेकांना जोडायचे कसे, एवढाच त्याचा विषय. उत्तरादाखल दिलेल्या आकृतीत प्रत्येक लाइनला एक एन-चॅनेल मॉस्फेट होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पुल-अप रेझिस्टर. संपलं. खास आयसी नाही, आत्ता डेटा कुणीकडून कुणीकडे चालला आहे हे सांगणारी पिन नाही, प्रोग्राममध्ये लिहायची एक ओळही नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ‘लेव्हल शिफ्टर’ मागितलात, तर बोटाच्या पेरावर मावणारा जो चार चॅनेलचा बोर्ड हातात पडतो, त्यावर बहुतेक वेळा हीच आकृती चार वेळा छापलेली असते. मॉस्फेट बीएसएस १३८, रेझिस्टर दहा के. या बोर्डाबद्दलची सर्वांत मोठी तक्रार एकच: चालत नाही. कुणाचा डिस्प्ले कोरा राहतो, कुणाचा सेन्सर सापडत नाही, कुणाची एलईडीची पट्टी मनाला येईल तशी लुकलुकते. माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक तक्रारींत बोर्ड धडधाकट असतो, फक्त आकृती कुणी नीट वाचलेली नसते. ती नीट वाचली की दोष शोधायचं निम्मं काम तिथंच होतं.

दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहण लिहिताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे कप्पे पाडायला शिकवतात. सर्किटला ते कप्पे लावायचे म्हटले तर हसू येईल. तिथं मी एवढंच बघतो, की यातला कुठला भाग काढून टाकला तरी चालेल? या आकृतीत तसा एकही भाग नाही. उलट मॉस्फेटमध्ये नाइलाजानं आलेला, कुणी न मागितलेला एक डायोड आहे, त्यालाही तिनं कामाला लावलं आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुन्या टीटीएल चिप पाच व्होल्टवर चालायच्या. त्यांच्या लेखी ०.८ व्होल्टच्या खाली शून्य, २ व्होल्टच्या वर एक, आणि मधला पट्टा कुणाच्याच मालकीचा नाही. पुढे ट्रान्झिस्टर लहान होत गेले, गेटखालचा ऑक्साइडचा थर पातळ झाला आणि त्याला पाच व्होल्ट सोसेनात. शिवाय स्विचिंगमध्ये जाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाचावरून ३.३ वर उतरलं की ती ४४ टक्क्यांवर येते. मोबाइलच्या बॅटरीवर जगणाऱ्या जगाला एवढं कारण पुरेसं होतं. प्रोसेसर ३.३ वर आले, काही आणखी खाली १.८ वर गेले. पण एलसीडी, रिले बोर्ड, अंतर मोजणारे अल्ट्रासोनिक सेन्सर असा जुना गोतावळा पाचावरच राहिला. दोन पिढ्यांना एका टेबलावर बसवायचं तर मध्ये कुणीतरी लागणारच.

या सीमेवर दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. वरून खाली येताना धोका आहे तो इजेचा. रास्पबेरी पायच्या पिनला पाच व्होल्ट सोसत नाहीत. एचसी-एसआर ०४ सेन्सरची इको पिन थेट तिला जोडली तर चिप आज ना उद्या जाणार. त्यावर उपाय सोपा आहे. एक के आणि दोन के यांचा व्होल्टेज डिव्हायडर घाला, पाचाचे ३.३३ होतात. खालून वर जाताना कुणाला इजा होत नाही, तिथं फक्त गैरसमज होतो, आणि हे दुखणं जास्त छळतं. पाच व्होल्टवरच्या कित्येक सीमॉस चिप पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्टपासून पुढे ‘एक’ मानायची हमी देतात. ३.३ व्होल्टचा प्रोसेसर अंगातलं सगळं बळ लावूनही ०.२ नं कमी पडतो. प्रत्यक्षात ती चिप अडीच व्होल्टच्या आसपासच कौल देत असते, त्यामुळे टेबलावर सगळं झकास चालतं. मग उपकरण डब्यात बसतं, वायर लांबते, शेजारी मोटर सुरू होते, उन्हाळा येतो आणि दिवसातून दोनदा काहीतरी चुकतं. डेटाशीटच्या भाषेत ते कधी चालतच नव्हतं, इतके दिवस फक्त निभावलं होतं.

आता मूळ आकृतीकडे. ती समजायची तर आय-टू-सी बसचा रिवाज आधी लक्षात घ्यावा लागतो, कारण सारा डोलारा त्या रिवाजावर उभा आहे. एसटीत कंडक्टरच्या घंटीची दोरी डोक्यावरून गाडीभर गेलेली असते. ती कुणीही, कुठूनही खाली ओढू शकतो, पण वर ढकलत कुणीच नाही, सोडली की स्प्रिंग तिला जागेवर नेते. आय-टू-सीच्या दोन्ही लाइन, डेटा आणि क्लॉक, अशाच वागतात. प्रत्येक चिपला लाइन जमिनीकडे ओढण्याची मुभा आहे, वर ढकलण्याची नाही. वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं. या शिस्तीला ओपन ड्रेन म्हणतात. एक चिप पाच व्होल्टवाली आणि दुसरी ३.३ वाली असली तरी जमीन दोघांची एकच असते, म्हणून ‘शून्य’बद्दल दोघांत कधीच वाद होत नाही. वाद होतो तो फक्त ‘वर’ म्हणजे किती, यावर. स्खुटे यांच्या आकृतीनं वादाचा तेवढाच भाग वेगळा काढला: शून्य दोघांत सामाईक ठेवायचं, आणि वर जाण्याच्या वेळी दोघांना एकमेकांपासून तोडून टाकायचं, म्हणजे प्रत्येक बाजू आपापल्या पुल-अपनं आपापल्या उंचीला जाईल.

मॉस्फेटची जोडणी अशी. गेट कायमचं ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याला बांधलेलं. सोर्स खालच्या व्होल्टेजच्या लाइनला, ड्रेन पाच व्होल्टच्या लाइनला. गेटवर सिग्नल येतच नाही. मॉस्फेट शिकवताना आपण गेटवर सिग्नल देतो आणि ड्रेनवर परिणाम बघतो. इथं गेट ढिम्म उभं आहे आणि हलतं आहे ते सोर्स. मॉस्फेटला त्याचं काही वाटत नाही, त्याला कळतो तो गेट आणि सोर्स यांच्यातला फरक. ही उलटी मांडणी या आकृतीतली पहिली गंमत.

कुणीच लाइन ओढत नसेल तेव्हा सोर्स पुल-अपमुळे ३.३ वर आणि गेटही ३.३ वर. फरक शून्य, मॉस्फेट बंद. पाच व्होल्टची लाइन आपल्या रेझिस्टरनं पाचावर जाऊन बसते. दोन्ही घरांची दारं मिटलेली.

३.३ व्होल्टच्या बाजूच्या कुणी लाइन ओढली की सोर्स शून्याकडे येतो, गेट मात्र ३.३ वरच. फरक मॉस्फेटच्या थ्रेशोल्डच्या कितीतरी वर जातो (बीएसएस १३८ चा थ्रेशोल्ड साधारण १.३ व्होल्ट, जास्तीत जास्त १.५), मॉस्फेट चालू होतो आणि पाच व्होल्टची लाइनही सोबत खाली येते. इथवर सगळं सरळ आहे. एवढंच असतं तर हे सर्किट एकदिशी ठरलं असतं आणि मी त्यावर लिहायला बसलो नसतो.

खरी मजा पुढे आहे. आता पाच व्होल्टच्या बाजूच्या चिपनं आपली लाइन ओढली, म्हणजे ड्रेन खाली आला. पण ड्रेन खाली आल्यानं मॉस्फेट चालू कसा होणार? सोर्स अजून ३.३ वर आहे, गेटही ३.३ वर, फरक शून्य. निरोप इथंच अडायला हवा. अडत नाही, कारण अशा डिस्क्रीट एन-चॅनेल मॉस्फेटच्या पोटात सोर्सकडून ड्रेनकडे वाहू देणारा एक डायोड असतो. तो कुणी मुद्दाम घातलेला नसतो, मॉस्फेट घडवतानाच तयार होतो. पॉवर सर्किटवाले बऱ्याच वेळा त्याच्या नावानं बोटं मोडतात. इथं तोच पहिलं पाऊल टाकतो. ड्रेन २.७ व्होल्टच्या आसपास उतरला की डायोडमधून करंट वाहायला लागतो आणि सोर्सही ड्रेनच्या मागोमाग घसरतो. घसरता घसरता सोर्स २ व्होल्टच्या खाली आला की गेटशी त्याचा फरक १.३ ओलांडतो, मॉस्फेट पुरता चालू होतो आणि डायोडला बाजूला सारून लाइन थेट शून्यापाशी आणून ठेवतो. डायोडवर पडणारे ०.६ व्होल्टही शेवटी उरत नाहीत. डायोडनं दार किलकिलं केलं, चॅनेलनं ते सताड उघडलं.

दिशा ओळखणारा भाग कुठंच नाही, तरी दोन्हीकडून निरोप जातो. चांगल्या डिझाइनची माझी स्वतःची कसोटी हीच: जी गोष्ट ठरवावीच लागू नये अशी मांडणी करता येते, ती ठरवण्याचं यंत्र बांधत बसू नये. फिलिप्सच्या या धंद्याची पुढे एनएक्सपी झाली, आणि २००७ मध्ये तिनं एएन १०४४१ या नव्या क्रमांकानं तंत्र पुन्हा प्रसिद्ध केलं. दहा वर्षांत आकृतीत दुरुस्त करण्यासारखं काही निघालं नव्हतं.

आकृती एवढी कळली की बिघाड शोधायला सीआरओ लागेलच असं नाही. दीडशे-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, बसवर काही चालू नसताना वरच्या आणि खालच्या, दोन्ही लाइनचं व्होल्टेज मोजा. त्याआधी दोन्ही बाजूंची ग्राउंड एकमेकांना जोडली आहे ना, तेवढं बघून घ्या. आठवड्याभराच्या डोकेफोडीनंतर सापडणारी चूक ती हीच, आणि ती दिसत नाही कारण सिग्नलच्या वायरमधून, चिपच्या संरक्षक डायोडमधून करंट कसाबसा परत जात असतो आणि सर्किट अर्धमुर्धं चालतही असतं.

निरोगी बोर्डावर वरच्या लाइनला ५ आणि खालच्या लाइनला ३.३ यायला हवेत. समजा ४.४ आणि ३.८ च्या आसपास काहीतरी आलं. हे आकडे बघितल्याबरोबर मी मॉस्फेट उलटा लागला आहे असं म्हणतो. कारण ड्रेन आणि सोर्सची अदलाबदल झाली की तो डायोडही उलटा होतो. पाच व्होल्टच्या पुल-अपमधून करंट डायोडवाटे खालच्या लाइनवर आणि तिथल्या पुल-अपमधून ३.३ च्या पुरवठ्यात वाहायला लागतो. पाचातून डायोडचे ०.६ आणि खालचे ३.३ वजा करा, उरले १.१, ते दोन दहा-केंमध्ये समान वाटले जातात, म्हणजे प्रत्येकावर ०.५५. वरची लाइन ४.४५ ला आणि खालची ३.८५ ला अडकते. तयार बोर्डावर असं क्वचित घडतं. ब्रेडबोर्डवर घरी जुळवणाऱ्यांकडे मात्र हमखास, आणि त्यांचा फारसा दोषही नसतो. २एन ७००० आणि बीएस १७० हे दोन मॉस्फेट दिसायला जुळे. पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून सोर्स, गेट, ड्रेन आणि दुसऱ्याचे ड्रेन, गेट, सोर्स. दुकानदार एकाऐवजी दुसरा देतो आणि ‘सेमच आहे साहेब’ म्हणतो. सेम नाही.

त्यातही २एन ७००० या कामाला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा थ्रेशोल्ड ०.८ पासून ३ व्होल्टपर्यंत कुठंही असू शकतो. गेटवर आपण देतो ३.३. पाकिटातला एक नग उत्तम चालेल, शेजारचा जेमतेम. हेच गणित १.८ व्होल्टच्या प्रोसेसरशी बीएसएस १३८ लावताना येतं. थ्रेशोल्ड १.५ निघाला तर हाताशी उरतात ०.३ व्होल्ट. तिथं आणखी कमी थ्रेशोल्डचा मॉस्फेट शोधावा लागतो.

दोन्ही लाइनवर दीड-पावणेदोन व्होल्टच्या मधलं, सारखंच व्होल्टेज दिसलं तर पाच व्होल्टचा पुरवठा बंद आहे का ते बघा. टिपणातल्या आकृतीचा एक गुण असा की खालच्या बाजूची वीज गेली तर गेट शून्यावर येतं, मॉस्फेट मिटतो आणि पाच व्होल्टवाली बस आपापली चालू राहते. उलट प्रकारात ही कृपा नाही. पाचाचा पुरवठा शून्यावर बसला की खालच्या लाइनचा करंट मॉस्फेटमधून वरच्या पुल-अपवाटे जमिनीत जायला लागतो आणि ३.३ चे दोन सारखे वाटे होतात. बस मेली असं वाटतं, मेलेला असतो फक्त एक ॲडॉप्टर. याचंच भावंड म्हणजे वीज न देताही चालणारी चिप. पुरवठ्याची वायर काढली तरी तिचा दिवा मंद पेटलेला असतो, कारण ती सिग्नल पिनमधल्या संरक्षक डायोडमधून वीज चोरून पीत असते. नवख्याला तो चमत्कार वाटतो. जुन्या माणसाचा हात लगेच स्विचकडे जातो.

डेटाच्या दोन्ही लाइन, वरची आणि खालची, शून्याला चिकटल्या असतील तर लेव्हल शिफ्टरला सोडून द्या. बोलता बोलता मधेच रिसेट झालेल्या मास्टरमुळे एखादा स्लेव्ह शून्य धरून बसलेला असतो. त्यावरचा उतारा आय-टू-सीच्या स्पेसिफिकेशनमध्येच आहे: क्लॉकचे नऊ ठोके द्या, तो लाइन सोडतो.

विश्रांतीचे आकडे बरोबर आणि तरी डेटा चुकतो, तर मग वेगाकडे वळावं लागतं, आणि इथं मल्टिमीटरचा उपयोग संपतो. चालू लाइनवर तो सरासरी दाखवतो. १.६ व्होल्ट म्हणजे निम्मा वेळ वर, निम्मा वेळ खाली, की कायमच मध्ये लटकलेलं, हे त्याला सांगता येत नाही. लॉजिक ॲनालायझरवर तर माझा याबाबतीत आणखी कमी विश्वास. तो स्वतःच्या थ्रेशोल्डनं सिग्नल कापतो आणि पडद्यावर काटकोनातले सुबक चौकोन काढून देतो. आजारी सिग्नलही त्याच्याकडे तंदुरुस्त दिसतो. इथं सीआरओच हवा, आणि प्रोब १० एक्सवर. १ एक्सवरचा प्रोब आणि त्याची केबल मिळून शंभर पिकोफॅरडच्या आसपास भार टाकतात. दहा केच्या पुल-अपवर त्याचा टाइम कॉन्स्टंट होतो एक मायक्रोसेकंद. म्हणजे आपण शोधायला गेलेला दोष आपणच निर्माण केला.

सीआरओवर या सर्किटची सही दिसते. ३.३ च्या बाजूला एखादी साधी, वर-खाली दोन्हीकडे जोर लावणारी पिन जोडली आणि पाचाच्या बाजूला प्रोब ठेवला, तर चढणारी रेषा २ व्होल्टपर्यंत झटकन उभी जाते, तिथं एक वाक घेते आणि पुढे आळसावते. वाक २ वरच का? कारण तोवर मॉस्फेट चालू असतो आणि खालच्या पिनचा जोर वरपर्यंत पोचतो. सोर्स २ च्या वर गेला, गेटशी फरक १.३ च्या खाली आला, मॉस्फेट मिटला, आणि पुढची चढण एकट्या दहा केच्या जिवावर. डेटाशीटमधला थ्रेशोल्ड पडद्यावर असा डोळ्यांनी बघायला मिळतो.

हा वाक समजला की एलईडीच्या पट्टीचं कोडं सुटतं. डब्ल्यूएस २८१२ बी या दिव्यांना एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद लागतात आणि ‘शून्य’ बिटासाठी लाइन जेमतेम ०.४ मायक्रोसेकंद वर असते. पाच व्होल्टवर त्यांना ‘वर’ म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. वायर आणि पिन मिळून पन्नास पिकोफॅरड धरले, तर दहा केसोबत टाइम कॉन्स्टंट अर्धा मायक्रोसेकंद. २ पासून ३.५ पर्यंत चढायला त्याच्या ०.७ पट, म्हणजे जवळजवळ ०.३५ मायक्रोसेकंद. चारशे नॅनोसेकंदांच्या ठोक्यातले साडेतीनशे चढण्यातच गेले. उरलेल्या पन्नासांत दिव्यानं काय वाचायचं? एसडी कार्ड आणि टीएफटी स्क्रीनची हीच कथा. दहा मेगाहर्ट्झच्या एसपीआय क्लॉकचा अर्धा ठोका ५० नॅनोसेकंदांचा, तर नुसत्या वीस पिकोफॅरडला दहा केमधून चढायचा टाइम कॉन्स्टंट २०० नॅनोसेकंद. सिरियल पोर्टला मात्र ११५२०० च्या वेगालाही एका बिटाला ८.७ मायक्रोसेकंद मिळतात, म्हणून तिथं हाच बोर्ड विनातक्रार चालतो. मग लोक म्हणतात, ‘काल चालत होता की!’

जिथं दिशा एकच आहे आणि वेग हवा आहे, तिथं हे सर्किट वापरणं मला त्याच्यावर अन्याय वाटतो. ते ओपन ड्रेन बससाठी लिहिलं गेलं. दिव्यांच्या पट्टीला ७४ एएचसीटी १२५ ही चिप लावा आणि त्या चिपला पाच व्होल्टचा पुरवठा द्या. नावातल्या ‘टी’मुळे ती २ व्होल्टलाच ‘एक’ मानते, आणि बाहेर दोन्ही दिशांना जोर लावून पाच व्होल्ट देते. ‘टी’ नसलेली ७४ एचसी आणली तर ३.५ चं रडगाणं पुन्हा सुरू.

मग आय-टू-सीला तरी वेगाची चिंता नाही का? आहे, पण गणितात बसणारी. स्पेसिफिकेशन चढण मोजतं ती ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत, आणि त्याला लागतो टाइम कॉन्स्टंटच्या ०.८५ पट वेळ. दहा के आणि १०० पिकोफॅरड असेल तर ८५० नॅनोसेकंद. १०० किलोहर्ट्झच्या स्टँडर्ड मोडला १००० पर्यंत मुभा असल्यानं तिथं चालून जातं, ४०० किलोहर्ट्झच्या फास्ट मोडची मर्यादा ३०० आहे, तिथं नाही. उपाय म्हणून लोक पुल-अप लहान करतात आणि दुसऱ्या टोकाला जाऊन आदळतात. शून्य धरणाऱ्या चिपला दोन्ही बाजूंच्या पुल-अपचा करंट एकटीनं प्यावा लागतो, कारण तेव्हा मॉस्फेट चालू असतो आणि दोन्ही लाइन एकच झालेल्या असतात. आकृतीत हे कुठं लिहिलेलं नाही, वाचणाऱ्यानं ओळखायचं. रास्पबेरी पायवर आधीच १.८ केचे पुल-अप आहेत, त्यांचे १.६ मिलिॲम्पियर. पलीकडे ४.७ के असतील तर आणखी एक. झाले २.६. चिपची हमी असते ३ मिलिॲम्पियरपर्यंत लाइन ०.४ व्होल्टच्या खाली ठेवण्याची. आता या बसवर दोन-तीन तयार मॉड्यूल लावा. प्रत्येकाच्या कारखान्यानं आपापले पुल-अप प्रेमानं सोल्डर केलेले असतात, सगळे समांतर, आणि तीनची मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. अशा वेळी नवं काही जोडण्यापेक्षा मॉड्यूलवरचे जादा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्ननं उचलून काढणं हाच इलाज.

कधी कधी तर लेव्हल शिफ्टरच नको असतो. डीएस १३०७ हे घड्याळाचं आयसी पाच व्होल्टवर चालतं, पण त्याला ‘एक’ म्हणायला २.२ व्होल्ट पुरतात. त्याच्या मॉड्यूलवरचे पाच व्होल्टचे पुल-अप काढले आणि पायच्या ३.३ च्या पुल-अपवर बस चालवली की काम भागतं. लाइन कधी ३.३ च्या वर जातच नाही, मग उतरवायचं काय? एलसीडीच्या पाठीवरचं पीसीएफ ८५७४ मात्र ३.५ मागतं, तिथं मधला मॉस्फेट हवाच. निर्णय डेटाशीटमधल्या एका ओळीवर असतो आणि ती ओळ वाचायला दोन मिनिटं लागतात.

तुलनेसाठी दुसऱ्या वाटेची एक चिप बघू, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएक्सबी ०१०८. दिशा न सांगता दोन्हीकडे चालणारी, आठ चॅनेलची, भलतीच चपळ. ती काय करते, तर कुठल्या बाजूला कड आली ते ओळखून काही नॅनोसेकंद जोरात धक्का मारते आणि मग चार के एवढ्या नाजूक हातानं लाइन धरून ठेवते, कुणी पलीकडून ओढलं तर हार मानता यावी म्हणून. एसपीआयसारख्या ठिकाणी उत्तम. पण हीच आय-टू-सीवर लावली तर ४.७ केचा पुल-अप वर ओढतो, तिचा चार केचा हात खाली, आणि ३.३ च्या लाइनवर ‘शून्य’ म्हणून उभे राहतात दीड व्होल्ट. बाहेरचा पुल-अप ५० केपेक्षा मोठा हवा असं तिच्या डेटाशीटमध्येच नमूद आहे, आणि ओपन ड्रेनसाठी त्याच कंपनीची टीएक्सएस नावाची वेगळी मालिका आहे. एका अक्षराचा फरक, आणि बाजारात दोन्हीची मॉड्यूल शेजारी शेजारी टांगलेली. टीएक्सबी हुशार आहे यात शंका नाही. पण ती अंदाज बांधते, आणि अंदाज बांधणाऱ्या सर्किटमधला बिघाड शोधताना आधी त्याचा अंदाज काय होता हे आपल्याला ओळखावं लागतं. स्खुटे यांचा मॉस्फेट कशाचाच अंदाज बांधत नाही. तो चुकला तर का चुकला हे चार आकड्यांत सांगता येतं, आणि माझ्या लेखी ही त्याच्या स्वस्ताईपेक्षा मोठी गोष्ट आहे.

तेव्हा ३.३ आणि ५ व्होल्टमध्ये १०० किलोहर्ट्झची आय-टू-सी बस न्यायची असेल तर या आकृतीला मला आजही पर्याय दिसत नाही. फास्ट मोड हवा असेल तर पुल-अपचं गणित कागदावर मांडून मगच तिच्याकडे या. दिवे, स्क्रीन आणि एसडी कार्डासाठी तिच्या वाटेला जाऊ नका. आणि बोर्ड नवीन आणला असेल, तर त्याला दुसरं काही जोडण्याआधी फक्त दोन पुरवठे आणि ग्राउंड द्या आणि चारही चॅनेलच्या दोन्ही बाजू मीटरनं मोजा. वर ५ आणि खाली ३.३ असे आठ आकडे आले, तर दोष बहुधा बोर्डात नाही.